उशिरा आलेली थंडी, लवकर आलेला पाऊस : हापूसचा २०२४-२५चा हंगाम

४ डिसेंबर २०२४ला मुंबईत सांताक्रूझला कमाल तापमान ३७.३ अंश नोंदले गेले. तोवरच्या सोळा वर्षांतला डिसेंबरातला तो सर्वांत तापलेला दिवस. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या पहाटे, त्याच सांताक्रूझला पारा १३.७वर उतरला. मुंबईत या दोन बातम्या आल्या तशा विरल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदारांसाठी मात्र पुढचे साडेपाच महिने या पाच दिवसांच्या अवतीभवती ठरत गेले. थंडी आली, हे खरे. पण ती कधी आली, किती टिकली आणि तोवर झाड कोणत्या अवस्थेत होते, यावर सगळे अवलंबून होते. उबदार हिवाळा म्हणजे काय, हे समजून घ्यायला हा हंगाम मला फार बोलका वाटतो, कारण त्यात थंडी पूर्णपणे गैरहजर नव्हती. तिचे वेळापत्रक तेवढे चुकले.

झाडाला थंडी कशाला लागते

सफरचंदाला थंडी लागते ती शेकडो तासांच्या हिशेबाने. आंब्याचे तसे नाही. आंबा मुळात उष्ण हवेतला. कडाक्याची थंडी त्याला सोसतही नाही. त्याला हवा असतो तो एक इशारा. फांदीच्या टोकाच्या डोळ्याला दोन वाटा असतात, पालवी किंवा मोहोर. पालवी जून झालेली असेल, जमीन सुकत आलेली असेल आणि सलग दहा-पंधरा रात्री गारठल्या, तर डोळा मोहोराकडे वळतो. पालवी कोवळी असेल किंवा रात्री उबदार राहिल्या, तर पुन्हा पालवी तरी येते, नाहीतर झाड नुसते गप्प उभे राहते. वीस अंशांच्या वरच्या रात्री सहसा उपयोगाच्या नाहीत. पंधरा-सोळाच्या आसपासच्या रात्री उत्तम. किनाऱ्यालगतच्या कोकणात अशा रात्री मुळातच कमी, कारण शेजारी समुद्र आहे. त्या मिळतात त्या आकाश निरभ्र असताना, उत्तरेकडून कोरडा वारा येत असताना आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहत असताना. बंगालच्या उपसागरात काही शिजले की पूर्वेकडून बाष्प येते, ढग येतात, आणि ढगांखाली जमिनीची उष्णता रात्री निसटत नाही. मग पहाट उबदार आणि दमट. मोहोर लांबतो, आणि जो आलेला असतो त्याच्यावर तुडतुडे (रस शोषणारी कीड) आणि भुरी (बुरशीचा रोग).

चांगल्या वर्षी मोहोर टप्प्याटप्प्याने येतो. कातळावरच्या आणि समुद्राकडे तोंड करून असलेल्या बागा आधी सुकतात, आधी मोहोरतात. खोल मातीतल्या, दरडीखालच्या बागा मागाहून. नोव्हेंबरातला पहिला मोहोर फेब्रुवारीअखेर आणि मार्चात पेटीत जातो, डिसेंबरातला एप्रिलात, जानेवारीतला मेमध्ये. बागायतदाराच्या हाती पैसा राहतो तो प्रामुख्याने पहिल्या टप्प्यात. पाडव्याच्या आधी वाशीला, नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, गेलेली पेटी आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यातली पेटी यांत फळ तेच, झाड तेच, पण दरात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून कोकणात थंडीची वाट पाहिली जाते ती डिसेंबराची नव्हे, नोव्हेंबराची.

ऑक्टोबर

या हंगामाची अडचण डिसेंबरात दिसली, पण सुरू झाली ती ऑक्टोबरात. देशातून मान्सून पूर्णपणे परतला तो १५ ऑक्टोबरला. तारखेने हे वेळेवरच. पण महिनाभर रात्री उतरल्याच नाहीत. भारतीय हवामान खात्याच्या नोंदींत १९०१पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर तोच ठरला. देशाचे सरासरी किमान तापमान २०.०१ अंश असायला हवे, ते २१.८५ होते. दिवसाच्या उन्हापेक्षा हा रात्रीचा आकडा आंब्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. ऑक्टोबरचे ऊन कोकणाला हवेच असते, त्याने जमीन सुकते. पण ओल टिकून असेल आणि रात्र उबदार असेल, तर झाड दुसरेच काही करते: पालवी काढते. ती तांबूस, लुसलुशीत पालवी दिसायला सुंदर, आणि बागायतदाराला ती पाहून धडकी भरते, कारण ती जून व्हायला तीन-चार महिने लागतात. ऑक्टोबरअखेरीस पालवलेली फांदी डिसेंबरात थंडी पडली तरी तिचा इशारा घेईलच याची खात्री नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या शरदात सगळीकडे 'यंदा कडाक्याची थंडी' अशा बातम्या होत्या. कारण ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा थंड होणे. जागतिक हवामान संघटनेने सप्टेंबरात सांगितले होते, की वर्षाखेरीपर्यंत ला निना येण्याची शक्यता साठ टक्के. यावरून वर्तमानपत्रांनी आणि व्हॉट्सअ‍ॅपने थेट शेकोट्या पेटवल्या. वास्तविक ला निनाचा संबंध उत्तर भारतातल्या थंडीशी काही प्रमाणात लावता येतो. कोकणच्या पट्ट्याशी तो फारच सैल आहे. आणि ती ला निनाही आली ती रडतखडत. अमेरिकेच्या नोआ या हवामान-सागर संस्थेने ती आल्याचे जानेवारीत जाहीर केले आणि संपल्याचे एप्रिलात. दरम्यान आपल्या हवामान खात्याने डिसेंबरच्या सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले होते की डिसेंबर ते फेब्रुवारी देशाच्या बहुतेक भागांत तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील. हा अंदाज बरोबर निघाला. पण आशेची बातमी जितकी फिरली तितका हा अंदाज फिरला नाही.

डिसेंबर : पाच दिवसांत दोन ऋतू

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्यात गारठा जाणवू लागला होता. ज्या बागांत पालवी जून होती, तिथे डोळे फुगू लागले. तेवढ्यात ३० नोव्हेंबरच्या रात्री फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागले. त्याचे उरलेसुरले अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे सरकले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणावर ढग दाटले. थंडी तुटली. सांताक्रूझचा ३७.३चा दिवस याच आठवड्यातला.

'औंदा थंडी खंय रवली?' हा प्रश्न त्या दिवसांत सिंधुदुर्गात ज्याच्या-त्याच्या तोंडी होता. पण बागेत उभे राहून पाहिले तर प्रश्न एकच नव्हता. ज्यांच्या झाडावर मोहोर आला होता त्यांना ढगांची भीती होती. उमलत्या मोहोरात दमट हवा म्हणजे करपा, भुरी, तुडतुड्यांचा चिकटा, आणि फवारणीच्या खर्चात आणखी एक फेरी. ज्यांच्याकडे मोहोर आलाच नव्हता त्यांना भीती होती रात्रीच्या उबेची.

ढग हटले, आणि ९ डिसेंबरनंतर खरी थंडी पडली. बागायतदारांनी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटते, हंगामाचा खरा निर्णय इथेच झाला, आणि तेव्हा तो कुणाला दिसला नाही. डिसेंबरच्या मध्यावर मिळालेल्या इशाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. पोपटी बोंगे फुटायला दोन-तीन आठवडे, म्हणजे जानेवारीची सुरुवात. मोहोर पूर्ण उमलून कणी (नुकते धरलेले बारीक फळ) धरायला जानेवारीअखेर, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तिथून फळ चौदा आणे, म्हणजे काढणीजोगे, तयार व्हायला साधारण साडेतीन महिने. म्हणजे काढणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२५चा पाडवा होता ३० मार्चला, अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. हे दोन्ही मुहूर्त त्या मोहोराच्या हातून डिसेंबरातच गेले होते.

जानेवारीत थंडी हवी होती का?

जानेवारीतही लोक थंडीची वाटच पाहत होते. तो जानेवारी हवामान खात्याच्या १९०१पासूनच्या नोंदींत देशातला तिसरा सर्वांत उबदार ठरला. सरासरी तापमान १८.९८ अंश. वरवर पाहता कोकणातल्या बागांचे नुकसान या उबेनेच केले असे म्हणता येईल. मला ते तितके सरळ वाटत नाही.

हापूसची एक खोड आहे. झाडावर कणी धरलेली असताना कडक थंडी लांबली, तर त्याच फांदीवर, कधी त्याच मोहोराच्या दांड्याशेजारी, दुसरा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचा जोर नव्या मोहोराकडे जातो आणि आधीची कणी, वाटाणा, कधी सुपारीएवढे झालेले फळ गळते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावर जुनी शिफारस आहे: जिबरेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे वीस लिटर पाण्यात एक ग्रॅम, फवारायचे. फवारणी बरोबर वेळेला साधली तर पुनर्मोहोर आवरतो. जानेवारीत ज्याच्या बागेत नोव्हेंबरचा मोहोर टिकून कणी धरली होती, त्याला थंडी नकोच होती. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या झाडांनी अजून डोळे उघडले नव्हते, त्याला ती हवी होती. एकाच वाडीत, एकाच पहाटे, दोघे जण वेगवेगळे हवामान मागत होते. 'यंदा थंडी कमी' या एका वाक्यात हे मावत नाही.

हीच गंमत नाशिकला वेगळ्या रूपात दिसते. तिथे मणी फुगत असताना पारा फार घसरला तर द्राक्षाची वाढ थांबते, मणी तडकतात, आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतो. त्याच रात्री शेजारच्या शेतातला गहू मात्र फुटवे धरायला तीच थंडी मागत असतो.

फेब्रुवारीचे ऊन

उशिरा धरलेल्या कणीला पुढे कोवळा फेब्रुवारी मिळाला असता, तरी बरेच सावरले असते. मिळाला तो १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. देशाची सरासरी २२.०४ अंश. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला आणि मुंबईत पारा ३८च्या वर गेला. गोव्यातही तीच तलखी. नोव्हेंबरच्या मोहोराचे फळ एव्हाना मोठे झालेले असते, ते ऊन बरेचसे सोसते. डिसेंबर-जानेवारीच्या मोहोराचे फळ या आठवड्यात कणी ते वाटाणा एवढे होते, आणि गळ सर्वाधिक होते ती याच अवस्थेत. कोरड्या उष्ण हवेत फुलकिडेही वाढतात, आणि गेल्या काही वर्षांत कोकणातल्या बागायतदारांच्या तक्रारीत तुडतुड्यांच्या बरोबरीने फुलकिड्यांचे नाव येऊ लागले आहे. फवारण्या वाढल्या, खर्च वाढला.

उपाय माहीत नव्हता असे नाही. फळ वाटाण्याएवढे झाल्यावर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा. पुढे गोटीएवढे झाल्यावर कागदी पिशव्या. दापोली आणि मुळदे इथून निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात हे दर वर्षी असते. पण कातळावरच्या बागेत पाणी नसते. तिथे सुरुंग लावून खड्डे पाडलेले असतात, बाहेरून माती आणून भरलेली असते, आणि शे-दोनशे कलमांना फेब्रुवारीत दोनशे लिटरप्रमाणे पाणी द्यायचे तर टँकर लागतो. ज्याच्याकडे विहीर आणि पाइपलाइन होती त्याची गळ कमी, ज्याच्याकडे नव्हती त्याची जास्त. उबदार हिवाळ्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, तो असा पाण्यावरून विभागला जातो.

मार्चात वाशीला हापूसची आवक नेहमीच्या मानाने तुरळक राहिली. अशा वर्षी बाजार रिकामा राहत नाही, कर्नाटकचा आंबा ती जागा भरतो, आणि मुंबई-पुण्यातला ग्राहक तो बिनदिक्कत हापूस म्हणून घेऊन जातो. २०१८पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन फळाला नाव देते, पेटीत कमी पडलेले डझन भरून देत नाही. एकूण पीक नेहमीच्या निम्म्याहून कमी असल्याचे बागायतदार सांगत होते.

मेची शर्यत

तरीही एप्रिलअखेरीस चित्र थोडे बदलले. उशिरा मोहोरलेल्या, उन्हातून वाचलेल्या बागांत फळ चांगले पोसत होते. 'उशिरा का होईना, मे हातात आहे' हा हिशेब चुकीचा नव्हता. मान्सून केरळात पोचण्याची सरासरी तारीख १ जून, दक्षिण कोकणात त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, मुंबईत ११ जून. म्हणजे काढणीला पूर्ण मे आणि जूनचे दोन-चार दिवस.

मेचा तिसरा आठवडा सरता सरता अरबी समुद्रात दक्षिण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. २४ मे रोजी ते आणखी तीव्र होऊन त्याचे डिप्रेशन झाले आणि ते रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. त्याच दिवशी मान्सून केरळात दाखल झाला, २००९नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. २५ मेला तो महाराष्ट्रात आला, आणि हवामान खात्याच्या नकाशावर त्याची उत्तर सीमा त्या दिवशी ज्या गावावरून काढलेली होती ते गाव होते देवगड. २६ला मुंबई, नोंदींतले मुंबईचे सर्वांत लवकरचे आगमन. देशासाठी तो मे १९०१पासूनचा सर्वाधिक पावसाचा मे ठरला.

डिसेंबरच्या मध्यावरून मोजत आलेला हिशेब नेमका या आठवड्यात पुरा होत होता. बागेत चौदा आणे झालेला आंबा आणि वरून पाऊस. भिजलेल्या फांदीवर गडी चढू शकत नाही, झेला (फळ उतरवायची जाळी) ओला, देठाचा चीक फळावर ओघळून डाग पडतात. ओला आंबा पेटीत घातला तर अढीत (पिकायला रचलेल्या थरांत) किंवा वाटेत करपा उठतो, फळ काळे पडते. पाऊस सुरू झाला की फळमाशी येते, मग बाहेरून निर्दोष दिसणारे फळ आतून किडलेले निघते. उरतो तो कॅनिंगचा रस्ता, तिथला दर किलोवर, आणि सगळ्यांचाच माल एकदम गेला की तोही खाली. राखणीला ठेवलेले नेपाळी गडी, करारावर घेतलेल्या बागेचे उरलेले पैसे, पेट्यांसाठी आणलेले लाकूड आणि गवत, या सगळ्याचा खर्च मात्र पूर्ण हंगामाचा झालेला होता.

विम्याचे कॅलेंडर

या प्रकरणात मला सर्वाधिक खटकते ते हे. कोकणातला हापूस पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत येतो. या योजनेत गारपीट सोडली तर पीक किती बुडाले ते बागेत जाऊन कुणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या मुदतीत ठरलेला निकष ओलांडला गेला तर भरपाई. निकष आहेत अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट. म्हणजे जानेवारीपासून सलग थंडी पडली तर विमा आहे, कारण पुनर्मोहोर. थंडी आलीच नाही, किंवा महिनाभर उशिरा आली, तर त्याला निकषच नाही. उबदार रात्र विम्याच्या कागदावर अस्तित्वात नाही. आणि या हंगामात अवेळी पावसापासूनच्या संरक्षणाचा काळ संपला १५ मेला. वीस ते सव्वीस मेच्या पावसाने झोडपलेली बाग त्या अर्थाने विम्याच्या बाहेर उभी होती. मुदत मेअखेरपर्यंत वाढवावी ही मागणी कोकणातून होत आली आहे. या हंगामानंतर तिच्या बाजूने निराळा पुरावा शोधायची गरज नाही.

पण नुसती मुदत वाढवून भागणार नाही असे माझे मत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात किमान तापमान अमुक अंशांखाली सलग अमुक रात्री उतरले नाही तर भरपाई, असा निकष आखता येईल का, हे बघायला हवे. अवघड आहे, हे मान्य. किनाऱ्यावरचे गाव आणि घाटाच्या पायथ्याचे गाव यांच्या रात्रीत चार-पाच अंशांचा फरक असतो, आणि एका मंडळात दोन्ही असू शकतात. तरी जो धोका आता वारंवार येतो आहे तोच यादीत नाही, ही स्थिती फार काळ चालवता येणार नाही.

जुलैतला निर्णय

बागायतदाराच्या हाती थंडीला पर्याय म्हणून एकच गोष्ट आहे, कल्टार. पॅक्लोब्युट्राझॉल हे त्यातले द्रव्य पालवीची वाढ रोखते आणि थंडी जेमतेम असली तरी झाडाला मोहोराकडे ढकलते. झाडाच्या विस्ताराच्या व्यासानुसार मात्रा काढून १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान बुंध्याभोवती द्यायचे. २०२४-२५मध्ये ज्यांचा माल मार्चात गेला त्यांतल्या अनेकांनी ते दिलेले होते. पण मात्रा वाढवत नेली, खत आणि पाणी त्या प्रमाणात दिले नाही, की काही वर्षांत झाड खंगते, पाने आखूड होतात, फांद्या वाळतात. लवकर आलेला मोहोर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात सापडला तर वेगळेच. शिवाय करारावर बाग घेणारा एका-दोन वर्षांचा हिशेब बघतो, मालक पन्नास वर्षांचा. दोघांचे हित इथे फुटते.

मे २०२५च्या अखेरीस बागा रिकाम्या झाल्या आणि जुलैच्या मध्यावर हा निर्णय समोर आला. त्या वेळी पुढच्या हिवाळ्याबद्दल कुणीच काही सांगू शकत नव्हते. ज्यांच्या पेट्या मेमध्ये भिजल्या, त्यांतल्या आजवर कल्टारला हात न लावलेल्यांच्याही घरात त्या वर्षी त्यावर वाद झाले.